पत्रास कारण की, पार फोडला

शाळा व्यवस्थापन समितीतल्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनो,

पत्रास कारण की, शाळेच्या अंगणातल्या कडुनिंबाचा पार तुम्ही फोडलात. अंगणभर गट्टू बसवलेत, ते थेट बुंध्याला भिडवलेत, आणि मला एका शब्दानं कळवलं नाहीत. मागच्या आठवड्यात पेन्शनच्या एका कागदावर सही घ्यायला शाळेत आले तेव्हा दिसलं. फाटकातून आत शिरल्यावर पाय सवयीनं पाराकडे वळले. पार नव्हताच. लाल-करड्या गट्टूंच्या मधोमध झाड असं उभं होतं, की जणू त्याला कुणीतरी गळ्यापर्यंत पुरून ठेवलंय.

हे पत्र बंद पाकिटात घालून अध्यक्षांच्या हाती देता आलं असतं. पण मग तो आपला घरगुती रुसवा झाला असता, आणि बाई म्हाताऱ्या झाल्या, त्यांना वाईट वाटलं, चहाला बोलवू या, एवढ्यावर तो मिटला असता. मला चहा नको. शिवाय शहरात येता-जाता दुसऱ्या शाळांची अंगणंही मला अशीच दिसतात. म्हणून उघडं लिहिते आहे.

कार्यालयात मी ठरावाची वही मागून घेतली. वाचायला दिली, त्याबद्दल आभार. ‘विद्यार्थ्यांना वर्गाबाहेर बसवण्याची पद्धत बंद करण्यात यावी व अंगणाचे सुशोभीकरण करण्यात यावे.’ सूचकाचं नाव वाचलं, अनुमोदकाचं वाचलं. दोघंही 1996 च्या तिसरीतले. सूचकाला मी त्या झाडाखाली हातच्याची बेरीज शिकवली होती. अनुमोदक बाई तर, मला चांगलं आठवतं, घरी जायला तयारच नसायच्या. घंटा झाली तरी मुंगळ्यांच्या रांगेशेजारी पालथ्या पडलेल्या असायच्या. सहीचं वळण मात्र अजून तेच आहे, ‘र’चा पाय लांब ओढलेला. तो मीच वळवून दिला होता.

त्या वर्षी शाळेला दोनच खोल्या होत्या, वर पत्रे. चार वर्ग त्यात मावत नव्हते म्हणून तिसरी झाडाखाली आली. मी काही मोठा शैक्षणिक प्रयोग करायला निघाले नव्हते; जागा नव्हती, एवढंच. मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू झाली की साडेनऊलाच पत्र्याखालची मुलं घामानं निथळायची आणि आमच्या डोक्यावर कडुनिंबाचा बारीक मोहोर गळत असायचा. पहिली आणि दुसरी आमच्याकडे हेव्यानं बघायची. पुढे सर्व शिक्षा अभियान आलं, दोन खोल्या वाढल्या, पंखे आले. तरीही दिवसातले दोन तास मी वर्ग बाहेरच घेत राहिले. आता मात्र ते ठरवून केलं होतं. आधीच्या वर्षांत त्या झाडानं मला काय काय शिकवून दिलं, ते मला कळून चुकलं होतं.

आठवतंय का बघा. जूनच्या शेवटी पिकलेल्या लिंबोळ्यांचा सडा पडायचा. त्या वेचायच्या, धुवायच्या, बिया वाळवायच्या. दहा बिया झाल्या की एक करवंटी भरली, दहा करवंट्या झाल्या की एक टोपली. एकक, दशक, शतक. सात आणि आठ मिळवले, पंधरा झाले, मग दहा उचलून शेजारच्या करवंटीत नेऊन ठेवायचे. ते उचलताना बिया खरोखर मुठीत असायच्या, म्हणून तो ‘हातचा’. फळ्यावरच्या बेरजेत डोक्यावर लिहिलेला एक कुठून येतो, हे मी पुढे कित्येक पदवीधरांना विचारलं आहे. त्यांनी नियम सांगितला. तुम्ही मूठ उघडून दाखवली होतीत.

कडुनिंबाचं एक पान आणा म्हटलं की निम्मी मुलं एक पातं आणायची आणि निम्मी अख्खी दांडी. मग भांडण. पान कशाला म्हणायचं? जिथून गळून पडतं तिथून, असा निवाडा तुमच्यातल्याच एकानं गळालेली पिवळी दांडी उचलून दिला. मी फक्त ‘संयुक्त पान’ हा शब्द पुरवला. भाषेच्या तासाला दोन मिनिटं डोळे मिटून बसायचं आणि जे ऐकू आलं ते पाटीवर उतरवायचं. खारीचं चिकचिक, रिक्षाचं फटफट, अजान, भंगारवाल्याची आरोळी, चौथीच्या बाईंचं रागावणं. त्या यादीतून ध्वनिदर्शक शब्द वेगळे काढायचे. त्या बाईंच्या रागावण्याला ध्वनिदर्शक म्हणावं की नाही, यावर बराच वाद झाल्याचं मला स्मरतं.

सावलीचं तर वेगळंच. पाराच्या कडेला काठी रोवायची, दर तासाला सावलीच्या टोकाशी चुन्याच्या फक्कीनं खूण करायची. सगळ्यात आखूड सावली बाराला पडत नाही, हे तुम्हीच शोधलंत आणि माझ्या घड्याळावर शंका घेतलीत. घड्याळ बरोबर होतं. आपलं घड्याळ सगळ्या देशासाठी पूर्वेकडच्या साडेब्याऐंशी रेखांशाची वेळ दाखवतं. आपलं शहर त्याच्या बरंच पश्चिमेला, म्हणून सूर्य आपल्या माथ्यावर उशिरा येतो. वर्षातून दोनदा तो नेमका डोक्यावर येतो आणि काठीची सावली नाहीशी होते. एकदा मेच्या तिसऱ्या आठवड्यात, तेव्हा शाळेला सुट्टी. दुसऱ्यांदा जुलैच्या चौथ्या आठवड्यात, तेव्हा आभाळ भरलेलं. इतक्या वर्षांत जुलैत त्या वेळी ऊन मला एकदाच गवसलं. साडेबारा वाजून पाच मिनिटांनी तिसरीचा आख्खा वर्ग स्वतःच्या पायांभोवती सावली शोधत गोल फिरत होता. केंद्रप्रमुख नेमके त्याच वेळी आले. त्यांनी शेऱ्यात लिहिलं, ‘वर्ग अनियंत्रित.’

पहिल्या पावसात पारावरून निघालेला ओघळ कुठं जातो ते बघायला आम्ही निघालो. फाटकातून गटारात, गटारातून नाल्यात, नाल्यातून खाम नदीत. खाम पुढे गोदावरीला मिळते. आपल्या नळाला पाणी येतं, म्हणजे येतं तेव्हा, तेही गोदावरीवरच्या जायकवाडीतून. एका मुलीनं हे दोन धागे जोडले आणि तोंड वाकडं करून विचारलं, ‘म्हणजे बाई, आपलंच?’ पर्यावरणावरचे पुष्कळ निबंध मी तपासले. त्या दोन शब्दांइतका नेमका एकही नव्हता. त्याच खामच्या काठावर पाणचक्की आहे. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून तिथवर आणलं, उंच भिंतीवरून खाली सोडलं, आणि त्या पडत्या पाण्यावर जातं फिरवून दर्ग्यातल्या फकिरांसाठी, वाटसरूंसाठी पीठ दळलं. शिकवण्यासाठी मी तिथं दोन बाटल्या आणि सलाईनची नळी घेऊन जायची. तिथल्या जुन्या वडाखाली बसून नळीनं पाणी वर चढून पलीकडच्या बाटलीत उतरताना पाहिलं की मग त्या इमारतीकडे मुलं वेगळ्या नजरेनं बघायची. एरवी सहलीत पाणचक्की म्हणजे हौदातले मासे.

हे सगळं टाचणात लिहिलेलं असायचं. तारीख, तास, घटक, उद्दिष्ट. वह्या जपून आहेत. म्हणून ‘बाई मुलांना बाहेर हिंडवतात’ हे वाक्य मला लागतं. हिंडवलं असेल कधी, नाही म्हणत नाही. काही दुपारी मीही दमलेली असायची आणि ‘खेळा रे’ म्हणून पारावर टेकायची. एकदा गांधीलमाशीनं एका मुलाचा ओठ सुजवला आणि त्याच्या आईनं मला योग्य तेच सुनावलं. एका मुलाला कानानं कमी ऐकू यायचं, बाहेरच्या गलक्यात त्याला माझं बोलणं पोचत नव्हतं, आणि हे माझ्या ध्यानात यायला चार महिने गेले. ते चार महिने त्याचे गेले ते गेलेच. झाडाखाली सगळं आपोआप चांगलं होतं, असं मी म्हणणार नाही. उलट खोलीतल्यापेक्षा तयारी जास्त लागते. बाहेर शिकवणारी मास्तरीण आळशी असेल तर ते लगेच दिसतं; खोलीत मात्र दार लावून घेता येतं.

आता तुझ्याशी बोलते. सूचकाशी.

सही झाल्यावर तू मला फाटकापर्यंत सोडायला आलास. मी विचारलं, ‘का रे बाबा?’ तू खाली बघत म्हणालास, ‘बाई, आम्ही झाडाखाली शिकलो. आमच्या लेकरांनी तरी खोलीत शिकावं.’

मी तिथं काही बोलले नाही. रिक्षात बसले आणि मग मला रडू आलं. रडू येण्याचं कारण असं, की तुझं म्हणणं मला समजलं. आपल्या मराठवाड्यात ‘झाडाखाली भरणारी शाळा’ ही पेपरातली लाजेची बातमी असते. फोटोत पडकी भिंत, फळा झाडाला टेकवलेला, समोर अनवाणी पोरं. खाली मथळा, ‘विद्यार्थ्यांचे हाल’. तो मथळा खोटा नसतो. पाऊस आला की दप्तर पोटाशी धरून ओसरीकडे पळणारा तू मला आठवतोस. माझ्या आठवणीत जो पार आहे तो तुझ्या आठवणीतला नाही. मी वर सावली बघत होते. तू बघत होतास की दोन गल्ल्या सोडून असलेल्या शाळेत बाक आहेत आणि आपल्याकडे गोणपाट. हे माझ्या कधी लक्षात कसं आलं नाही, याचं उत्तर मला सापडलेलं नाही. शिकवणाऱ्याला आपलं शिकवणंच दिसतं, बहुधा म्हणून.

पण खोली मिळाली की रे. चारही वर्गांना मिळाली. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली सांगितली, पाणी सांगितलं, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं सांगितली, आणि त्याच यादीत मैदानही सांगितलं. खोली आली म्हणून अंगण परत करा, असं त्यात कुठंही लिहिलेलं नाही. आणि ज्या कायद्यानं तुमची समिती जन्माला आली, तिच्यात तीन चतुर्थांश पालक असावेत असं म्हटलं, तो हाच कायदा.

तुला लाज वाटते ती गोष्ट आज विकत मिळते, हे तुला ठाऊक नसेल असं नाही. मोठ्या फीच्या शाळांची माहितीपत्रकं चाळ. झाडाखाली गोल बसलेली मुलं, हातात भिंग, पायात पांढरे बूट. त्याला तिथं ‘ओपन एअर क्लासरूम’ म्हणतात. रवींद्रनाथांनी 1901 साली शांतिनिकेतनात झाडाखाली मुलं बसवली तेव्हापासून झाडाखालच्या शिक्षणाला एक मान आहे. फक्त ते झाड गरिबाच्या शाळेतलं असलं की त्याची बातमी होते. तू त्या मानाची बाजू सोडून दिलीस आणि बातमीची बाजू खरी मानलीस.

मी कुणाच्या जोरावर हे बोलते, तेही सांगते. डीएडच्या वर्षी मला अनुताई वाघांचं ‘कोसबादच्या टेकडीवरून’ वाचायला मिळालं. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम उभं केलं, अनुताई तिथं त्यांना येऊन मिळाल्या, आणि 1957 पासून डहाणू तालुक्यातल्या कोसबादच्या टेकडीवर ते वाढलं. वारल्यांची मुलं शाळेत येत नसत, कारण ती गुरं राखायला जात. या बायांनी काय करावं? शाळाच कुरणात नेली. गुरं चरताहेत आणि शेजारी मुलं शिकताहेत. नाव ठेवलं कुरणशाळा. त्याआधी लहानग्यांसाठी बालवाडी त्यांच्या अंगणात नेली होती, ती अंगणवाडी. सरकारनं 1975 साली बालविकासाची मोठी योजना काढली तेव्हा हाच शब्द देशभर गेला. माँटेसरीबाईंची महागडी साधनं परवडत नव्हती, म्हणून ताराबाईंनी बिया, शिंपले, पानं, खडे यांची साधनं केली. माझ्या करवंट्या तिथून आल्या आहेत. मी त्यांचं नाव कधी तुम्हाला सांगितलं नाही, ही माझी चूक. सांगितलं असतं तर तुला गोणपाटाबरोबर आणखीही काही आठवलं असतं.

त्यांच्या पोरांना शाळेपर्यंत येता येत नव्हतं म्हणून शाळा कुरणात गेली. आपली पोरं शाळेत आली आहेत, आणि आपण कुरण फाटकाबाहेर काढलं.

टीव्हीबद्दलही लिहायचं होतं. तिसरीच्या वर्गात मोठा टीव्ही बसवलात, छान केलंत. ज्वालामुखी, ध्रुवावरचा बर्फ, समुद्राचा तळ हे मी करवंटीत दाखवू शकले नाही. पण परवा मी डोकावले तेव्हा पडद्यावर ‘झाडाचे भाग’ चालले होते. मूळ, खोड, फांदी, पान; प्रत्येक नावापुढे टिंग असा आवाज. ऊन पडद्यावर येऊ नये म्हणून खिडकी लावून घेतलेली. खिडकीच्या पलीकडे कडुनिंब. विषयाचं नाव परिसर अभ्यास. बालभारतीनं तिसरीच्या या विषयाचं पुस्तक प्रत्येक जिल्ह्यासाठी वेगळं काढलं, का? आपल्या जिल्ह्याचं पोर आपल्या जिल्ह्याकडे बघेल म्हणून. त्या नव्या बाईंना मी दोष देत नाही. त्यांच्याकडे भरायच्या माहितीचे तक्ते आहेत, मोबाइलवरचे गट आहेत, आणि बाहेर बसायला आता जागाही नाही. एप्रिलात त्या गट्टूंवर अनवाणी पाय ठेवून बघा.

2020 साली शाळा बंद झाल्या तेव्हा गावोगावी मास्तर ओट्यांवर, देवळाच्या मंडपात, झाडाखाली दोन-चार मुलं घेऊन बसले, कारण मोकळी हवा बरी. तेव्हा तुमच्यातल्याच एकीचा मला फोन आला होता, ‘बाई, आपल्या पारावर येऊन बसाल का?’ मी आले होते. तोंडाला फडकं बांधून, सहा मुलं, हातभर अंतरानं. त्या वर्षीही मी सुतळी लावली.

सुतळीचंच सांगायचं राहिलं. दरवर्षी जुलैत तिसरीचा वर्ग कडुनिंबाच्या बुंध्याला, पारापासून मुलाच्या छातीएवढ्या उंचीवर सुतळी गुंडाळून घेर मोजायचा आणि जिथं टोक भिडेल तिथं गाठ मारायचा. सुतळी एकच. गाठी 1996 पासून 2022 पर्यंत, सत्तावीस. पहिली आणि शेवटची यांच्यात साधारण साडेतीन विती अंतर. सेंटीमीटरही वहीत आहेत, पण त्या गाठीवरून बोट फिरवताना मुलं म्हणायची, ‘ही ताईची, ही काकाची.’ 2023 च्या मे महिन्यात मी निवृत्त झाले. त्याच वर्षी शहराच्या नावाच्या पाट्या बदलल्या, त्या धांदलीत माझं जाणं कुणाला फारसं दिसलं नाही, ते ठीकच. सुतळी मी कपाटाच्या वरच्या खणात ठेवून आले होते. परवा विचारलं. नवं कपाट आलं, जुनं सामान टाकलं, असं उत्तर मिळालं. पहिली गाठ, सूचका, तू मारली होतीस. सैल होती. मी पुन्हा मारायला लावली होती.

शिक्षा म्हणून मी तुम्हाला कधी अंगठे धरायला लावले नाहीत, आता काय लावणार. मागणं एवढंच आहे. बुंध्याभोवतीचे गट्टू निदान मीटरभर काढा. दिल्लीत झाडांभोवतीचं एक मीटर सिमेंट उखडायला हरित न्यायाधिकरणानं 2013 मध्ये सांगितलं होतं. आपण कुणी सांगण्याची वाट बघू नये. आपल्या झाडाच्या पूर्वेकडच्या शेंड्याच्या दोन फांद्या या चैत्रात पालवल्या नाहीत, मी बघून आले आहे. मातीत पाणी उतरलं नाही तर एखाद्या वावटळीत ते कोसळेल, आणि तेव्हा ते धोकादायक म्हणून तोडायला परवानगी मागायचा ठराव येईल. त्याचा सूचक कोण असेल ते मला वाचायचं नाही.

पार पुन्हा बांधून द्या असं मी म्हणत नाही. आठवड्यातून दोन तास तिसरीला बाहेर बसू द्या, चटई माझ्याकडून. नव्या बाईंना हवी असतील तर टाचणाच्या वह्या आणून देईन. हातच्याची बेरीज शिकवायला बोलावलंत तर पायी येईन, मानधन नको.

मृग लागायच्या आत गट्टू निघाले तर पहिला पाऊस मुळांना मिळेल. रविवारी सकाळी सातला मी फाटकाशी असेन. पहार माझ्या घरी आहे, ती घेऊन येते. कुदळ तुमच्यापैकी कुणीतरी आणा.

तुमच्या,
तिसरीच्या बाई